बत्तीस जोड्या

क्लायपेदाच्या पाणीपुरवठा कार्यालयात
रात्री पावणेदहाला मी तीच ओळ पुन्हा टाइप करते.
रस्त्याखाली पुरलेले सेन्सर, गळती ऐकणारे कान,
त्यांचं नवं सॉफ्टवेअर बाहेरच्या सर्व्हरवरून उतरवायचंय.
दोन मिनिटांचं काम.
तिसरा तास चालू आहे.

काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं उमटतात:
साखळीत कुणीतरी स्वतःच स्वतःला दाखला दिलाय.
मी मानत नाही.

शेजारी ब्राउझरमध्ये तोच पत्ता उघडला
तर कुलूप बिनतक्रार झळकतं.
ब्राउझर घरातलाच. घरानं ज्याला आपलं म्हटलं
त्याला तोही पाट मांडतो.
हे कमांडचं साधन मात्र
माहेराहून स्वतःची यादी घेऊन आलंय,
आणि यादीत नाव नसलेल्याच्या हातचं
पाणीसुद्धा घेत नाही.

फायरवॉल तळमजल्यावर असते, सायकलींच्या स्टँडमागे.
येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट फोडते,
वाचते, पुन्हा चिकटवते,
वर पाठवणाऱ्याचं नाव जसंच्या तसं लिहून
खाली शिक्का आपला मारते.
सगळं परिपत्रकानुसार,
जे न वाचता
मीही सही करून परत दिलं होतं.

एक पळवाट आहे, सगळ्यांना ठाऊक असलेली.
एक डॅश, एक अक्षर. अर्थ: तपासू नकोस.
विदमांतसनं तीच धरली होती.
तो आता निवृत्त, खाडीकाठी ईल मासे धुरावतो.
त्याच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये ते अक्षर सापडलं,
वर टीप: तात्पुरतं. सोमवारी नीट करतो.
नऊ वर्षांपूर्वीचा सोमवार.
नऊ वर्षं या शहराच्या पाण्याचे आकडे
डोळे मिटून धावत होते,
भेटेल त्याच्या हाती स्वतःला देत.
मला हसू आलं नाही.
माझं बोट त्याच अक्षरावर होतं.

मग ऑड्रोनिसला फोन लावला, सुरक्षा विभागातल्या.
घरी होता, सर्दीनं बेजार, मागे टीव्हीवर बास्केटबॉल.
"मूळ दाखला मेलनं पाठवलाय."
"मेल त्याच भिंतीतून आला ना?"
थोडी शांतता. खोकला.
"बरं. ठसा वाचतो. तू ताडून बघ."

बत्तीस जोड्या.
चार एफ. चार एफ.
नऊ शून्य. नऊ शून्य.
बी सात. "डी?" "बी. बिरुतेमधला बी."
चौदाव्या जोडीला तो शिंकला,
अकराव्यापासून पुन्हा सुरू केलं.
कुणीतरी बास्केट टाकली, घरातलं कुणीतरी ओरडलं,
तो थांबला नाही. सी दोन. सी दोन.

एवढाली गणितं, एवढाले आकडे,
आणि शेवटी सगळा भार
चोंदलेल्या नाकाच्या एका आवाजावर,
जो मी ओळखते, कारण गेल्या वर्षी त्यानं
माझ्या वाढदिवसाचा केक कापताना सुरी मोडली होती.
मुळापर्यंत गेलं की वर सही करायला कुणी उरत नाही.
प्रत्येक मूळ स्वतःच स्वतःवर सही करतं.

फाईल जागेवर ठेवली, साधनाला तिची वाट दाखवली,
एंटर दाबलं.
काही झालं नाही. म्हणजे झालं.
या साधनांची रीतच ती: जमलं की बोलत नाहीत.
पाकीट फोडणारीचं नाव
मी माझ्या हातानं यादीत लिहिलं,
निदान ओळख पटवून.
याला जिंकणं म्हणतात की नाही, मला सांगता येणार नाही.

निघण्याआधी विदमांतसच्या स्क्रिप्टमधलं
ते एक अक्षर पुसलं.
नऊ वर्षांनी तिनं डोळे उघडले
आणि लगेच अडून बसली:
आतल्याच, आपल्याच मीटर-सर्व्हरचा दाखला
चार वर्षांपूर्वी संपलाय.

पावणेबारा. शेवटची बस बारा दहाची.
ओळीच्या वर मी टीप लिहायला घेते,
सोम—

आणि कोट पुन्हा खुर्चीवर टाकते.